गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगावरील अंतर्गत प्रारण चिकित्सा : संशोधनाचा इतिहास

गर्भाशयाच्या खालच्या, योनिमार्गात उघडणाऱ्या अरुंद भागास गर्भाशय ग्रीवा म्हणतात. या भागात उद्भवणाऱ्या कर्करोगावर किरणोत्सर्गी (भेदक किरण वा कण आपोआप बाहेर टाकण्याचा गुणधर्म असलेल्या) पदार्थाचा लहानसा उद्गम शरीराच्या नैसर्गिक पोकळीत, अर्बुदाला लागून ठेवून जे उपचार करतात, त्यांना अंतर्गत प्रारण चिकित्सा म्हणतात. ‘आखूड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या उपचारांना ब्रॅकिथेरपी असे नाव मिळाले असून रुग्णांच्या बोलीत त्यांना ‘आतला शेक’ म्हणतात. शरीराबाहेरील यंत्रातून ओटीपोटावर किरण सोडून केले जाणारे उपचार म्हणजे बाह्य प्रारण चिकित्सा होय. वाढलेल्या अवस्थेतील ग्रीवा कर्करोगात या दोन्ही पद्धती एकामागून एक वापराव्या लागतात. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

या उपचारांचा इतिहास सु. सव्वाशे वर्षांचा आहे. त्यातील संशोधन प्रामुख्याने तीन प्रश्नांभोवती फिरत आले. अर्बुदाला मारक ठरेल इतकी प्रारणाची मात्रा त्याच्या सर्व भागांत कशी पोहोचवावी, हा पहिला प्रश्न. शेजारचे मूत्राशय, गुदाशय आणि उपचार करणारे कर्मचारी यांचे रक्षण कसे करावे, हा दुसरा. हे उपचार प्रत्यक्षात किती स्त्रियांना वेळेवर व पूर्ण मिळतात, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी यूरोप-अमेरिकेत शोधली गेली. तिसऱ्याच्या शोधात भारताचा, विशेषतः महाराष्ट्राचा, वाटा मोठा आहे.

तत्त्व : बिंदुवत् उद्गमापासून मिळणारी प्रारणाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. उद्गमापासून १ सेंमी. अंतरावर जितकी मात्रा मिळते, तिच्या सु. चौथा हिस्सा २ सेंमी. अंतरावर व नववा हिस्सा ३ सेंमी. अंतरावर मिळतो. यामुळे उद्गम अर्बुदाला लागून असल्यास अर्बुदात फार मोठी मात्रा जमा होते आणि थोड्याच अंतरावरील निरोगी ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) बरीचशी वाचतात. गर्भाशयाचे शरीर व ग्रीवा यांची प्रारण सहन करण्याची शक्ती इतर अवयवांपेक्षा पुष्कळच अधिक आहे. गर्भाशयाची पोकळी व योनिमार्गाचा वरचा भाग ही उद्गम ठेवण्यासाठी जणू तयार जागाच असते. याउलट ग्रीवेच्या पुढे मूत्राशय व मागे गुदाशय हे प्रारणाने लवकर इजा पोहोचणारे अवयव अगदी जवळ असतात. या शारीरिक रचनेतच उपचाराचे सामर्थ्य व धोका ही दोन्ही सामावलेली आहेत.

प्रारणाची शोषित मात्रा ग्रे या एककात मोजतात (१ ग्रे म्हणजे १ किग्रॅ. पदार्थात १ जूल ऊर्जेचे शोषण). बाह्य प्रारणाने ओटीपोटास साधारणपणे ४५ ते ५० ग्रे मात्रा पाच आठवड्यांत, सु. २५ सत्रांत देतात. यापेक्षा फार अधिक मात्रा आतड्यांना सहन होत नाही. परंतु ग्रीवेतील मोठे अर्बुद नष्ट करण्यास समतुल्य मात्रेच्या हिशेबाने ८५ ग्रे किंवा अधिक मात्रा लागते. मधली तफावत अंतर्गत चिकित्सेनेच भरून काढावी लागते.

रेडियमचे युग : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा व आंरी बेक्रेल यांनी १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लावला. १८९८ च्या अखेरीस प्येअर व मारी क्यूरी या दांपत्याने रेडियम हे मूलद्रव्य शोधून काढले. रेडियमाची नळी खिशात बाळगल्यामुळे बेक्रेल यांच्या त्वचेवर १९०१ मध्ये व्रण पडला आणि या पदार्थाची ऊतकांवरील क्रिया वैद्यांच्या ध्यानात आली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंरी दांलो यांनी त्वचारोगावर रेडियम वापरले. न्यूयॉर्क येथील मार्गारेट क्लीव्ह्‌झ या स्त्री वैद्याने १९०३ मध्ये ग्रीवा कर्करोगाच्या रुग्णावर रेडियमाचा उपचार केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. या रोगावरील अंतर्गत प्रारण चिकित्सेची ही पहिली नोंद मानली जाते.

आरंभीच्या काळात मात्रा मोजण्याचे साधन नव्हते. किती मिलिग्रॅम रेडियम किती तास ठेवले, यांचा गुणाकार म्हणजे ‘मिलिग्रॅम-तास’ हेच माप होते. अनुभवातून दोन परंपरा तयार झाल्या. स्टॉकहोम येथे गस्टा फोर्सेल यांनी १९१० च्या सुमारास सुरू केलेल्या व पुढे जेम्स हेमन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रेडियमाचे मोठे प्रमाण सु. एक दिवस ठेवत व काही आठवड्यांच्या अंतराने ते दोन ते तीन वेळा देत. पॅरिस येथे क्लॉद्यूस रगो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडियमाचे कमी प्रमाण अनेक दिवस सलग ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. कोशिकांचे विभाजन सतत चालू असते व मंद गतीने दिलेले प्रारण त्यांना संवेदनशील अवस्थेत गाठते, असा रगो यांचा विचार होता. मात्रा देण्याचा वेग, म्हणजे मात्रावेग, हा पुढील शंभर वर्षांच्या संशोधनाचा एक मुख्य विषय ठरला. त्याचे बीज या दोन परंपरांच्या भेदात आहे.

मात्रेचे मोजमाप : सारख्याच मिलिग्रॅम-तासांत दोन स्त्रियांच्या ऊतकांना सारखी मात्रा मिळतेच असे नाही, कारण गर्भाशयाची लांबी, योनिमार्गाची रुंदी व उद्गमांची मांडणी प्रत्येकीत निराळी असते. ही अडचण मँचेस्टर येथील होल्ट रेडियम संस्थेतील राल्स्टन पॅटरसन यांच्या गटाने ओळखली. त्यातील मार्गारेट टॉड व डब्ल्यू. जे. मेरेडिथ यांनी १९३८ मध्ये ‘बिंदू अ’ ही कल्पना मांडली आणि १९५३ मध्ये तिच्यात सुधारणा केली. योनिमार्गाच्या वरच्या कोपऱ्यापासून २ सेंमी. वर व गर्भाशयाच्या मध्यरेषेपासून २ सेंमी. बाजूला असलेल्या या बिंदूशी मात्रा किती, हे गणिताने काढता येऊ लागले. मूळ मँचेस्टर पद्धतीत ही मात्रा सु. ७२ तासांच्या दोन सत्रांत देत. एका रुग्णालयातील अनुभवाची दुसऱ्याशी तुलना करणे यामुळे शक्य झाले. प्रारण एककांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८५ मध्ये आपल्या ३८ व्या अहवालात मूत्राशय व गुदाशय यांच्यासाठीही प्रमाण बिंदू ठरवून दिले.

बिंदू अ हा अर्बुदाशी नव्हे, तर उपचारनळ्यांशी बांधलेला बिंदू आहे. अर्बुद लहान असो वा ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पसरलेले असो, बिंदूची जागा तीच राहते. ही उणीव प्रारंभापासून माहीत होती. परंतु अर्बुद प्रत्यक्ष दाखविणारी साधने हाती येईपर्यंत तीवर उपाय नव्हता.

कर्मचाऱ्यांचे रक्षण व पश्चात् भरण : रेडियमाचे अर्धायुष्य (निम्मा पदार्थ उरण्यास लागणारा काळ) सु. १,६०० वर्षे असून त्याच्या क्षयातून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू निर्माण होतो. नळीस सूक्ष्म तडा गेला, तरी तो वायू बाहेर पडून खोली दूषित होई. वैद्य व परिचारिका हातांनी उद्गम हाताळीत आणि रुग्णाची शुश्रूषा करताना त्यांना सतत प्रारण मिळे. या धोक्यामुळे उद्गम घाईने बसविण्याची प्रवृत्ती होती व मांडणी चुकण्याचा संभव वाढे.

ईरेन व फ्रेदेरिक झॉल्यो-क्यूरी यांनी १९३४ मध्ये कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला व पुढे अणुभट्ट्यांमुळे कोबाल्ट–६०, सिझियम–१३७ व इरिडियम–१९२ हे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे भिन्न अणुभारांचे प्रकार) उपलब्ध झाले. त्यांची अर्धायुष्ये अनुक्रमे सु. ५.३ वर्षे, ३० वर्षे व ७४ दिवस आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथे उल्‌रिख हेन्श्के यांनी पश्चात् भरण तंत्राचा पुरस्कार केला. यात प्रथम रिकाम्या नळ्या शांतपणे योग्य जागी बसवून क्ष-किरण छायाचित्राने त्यांची तपासणी करतात आणि नंतरच त्यांत उद्गम भरतात. १९६० नंतर उद्गम दुसऱ्या खोलीतून यंत्राने नळीत पाठविण्याची सोय झाली व कर्मचाऱ्यांना मिळणारी मात्रा जवळजवळ नाहीशी झाली. सुरक्षितता आणि अचूकता या दोन्ही गोष्टी येथे एकाच सुधारणेने साधल्या.

मात्रावेगाचा वाद : यंत्राने उद्गम हलविता येऊ लागल्यावर त्याची तीव्रता वाढविण्यास अडथळा राहिला नाही. ताशी ०·४ ते २ ग्रे हा अल्प मात्रावेग व ताशी १२ ग्रेपेक्षा अधिक हा उच्च मात्रावेग, असे वर्गीकरण रूढ आहे. अल्प मात्रावेगात स्त्रीला एक ते तीन दिवस स्वतंत्र खोलीत, नळ्यांसह निजून राहावे लागे. उच्च मात्रावेगात तेच काम काही मिनिटांत होते. मात्र जीवभौतिकीच्या दृष्टीने यात मोठा धोका दिसत होता. मंद प्रारणात निरोगी कोशिकांना आपली दुरुस्ती करण्यास सवड मिळते. प्रारण झटपट दिल्यास ती मिळत नाही. यावर तोड म्हणून उच्च मात्रावेगातील एकूण मात्रा तीन ते पाच लहान सत्रांत विभागण्यात आली. शिवाय सत्र थोड्या वेळाचे असल्याने नळ्या हलत नाहीत व गुदाशय मागे ढकलून ठेवता येतो, हा लाभही दिसून आला.

हा वाद मिटविण्यात भारतीय संशोधनाने भाग घेतला. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील चाचणीत ४८२ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली होती. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, दोन्ही पद्धतींत रोगनियंत्रण व जीवितकाल यांत लक्षणीय फरक नव्हता आणि उच्च मात्रावेगात गुदाशयाचे उपद्रव कमी होते. खाटा अपुऱ्या व रुग्ण असंख्य अशा देशात या निष्कर्षाचे महत्त्व उघड आहे. एका खाटेवर एका स्त्रीला दोन दिवस ठेवण्याऐवजी एका यंत्रावर दिवसात अनेक स्त्रियांवर उपचार करता येऊ लागले. आज भारतात उच्च मात्रावेगाची पद्धतच प्रचारात आहे. तिच्यातील इरिडियमाचा उद्गम काही मिमी. लांबीचा असतो व संगणकाच्या आज्ञेनुसार नळीत थोड्या-थोड्या अंतरावर ठरावीक सेकंद थांबत पुढे सरकतो. या थांब्यांचा वेळ बदलून मात्रेच्या वाटपाला हवा तसा आकार देता येतो. इरिडियमाचे अर्धायुष्य अल्प असल्यामुळे उद्गम दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. म्हणून लहान रुग्णालयांना कोबाल्ट–६० चे उद्गम सोयीचे ठरतात, असे मत मांडले जाते.

मुंबईतील कार्य : मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. या हस्तांतरामुळे एकीकडे रुग्णालय व दुसरीकडे तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्र (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) ही एकाच खात्याच्या छत्राखाली आली. या केंद्रात १९६२ पासून रुग्णालयीन भौतिकीविज्ञांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम चालविला जातो. मात्रेचे गणित करणारा भौतिकीविज्ञ नसल्यास अंतर्गत चिकित्सा सुरक्षितपणे देता येत नाही, म्हणून या प्रशिक्षणाचे मोल यंत्रांइतकेच आहे. प्रारण सुरक्षिततेवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले.

१९९९ मध्ये पाच चाचण्यांच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने, प्रारण चिकित्सेबरोबर सिसप्लॅटीन हे औषध देण्याची शिफारस केली. परंतु त्या चाचण्यांतील बहुतेक स्त्रियांचा रोग भारतातील सर्वसाधारण रुग्णापेक्षा आधीच्या अवस्थेत होता व त्यांचे पोषणही बरे होते. ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत रोग पोहोचलेल्या, मूत्रपिंडांवर ताण आलेल्या व रक्तक्षय झालेल्या स्त्रियांना हे औषध मानवेल काय, हा प्रश्न मोकळाच होता. टाटा स्मारक रुग्णालयात श्यामकिशोर श्रीवास्तव व सहकाऱ्यांनी २००३ ते २०११ या काळात केवळ ‘तिसरी ब’ अवस्थेतील ८५० स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी केली. म्हणजे कोणत्या स्त्रीस कोणता उपचार द्यावयाचा, हे दैवगतीने ठरविले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर औषधासह प्रारण मिळालेल्या गटातील ५४ टक्के व केवळ प्रारण मिळालेल्या गटातील ४६ टक्के स्त्रिया हयात होत्या. औषधाचा लाभ यातून सिद्ध झाला. पण दुसरी बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. बाह्य व अंतर्गत प्रारण यथासांग मिळाल्यास, औषधावाचूनही इतक्या वाढलेल्या रोगातून सु. निम्म्या स्त्रिया पाच वर्षे जगल्या.

त्याच वर्षी त्याच रुग्णालयातील सुदीप गुप्ता व सहकाऱ्यांची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तीत त्यापेक्षा आधीच्या अवस्थांतील ६३३ स्त्रियांचा समावेश होता. प्रथम औषधे व मग शस्त्रक्रिया या मार्गाने पाच वर्षांनंतर ६९·३ टक्के, तर औषधासह प्रारण चिकित्सेने ७६·७ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. एकूण जीवितकाल मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच होता. किरणोपचाराची यंत्रे व तज्ञ कमी असलेल्या ठिकाणी शस्त्रक्रियेचा मार्ग सोपा वाटतो; त्या मार्गाने रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढते, हे या चाचणीने दाखविले.

प्रतिमांच्या आधारे उपचार : चुंबकीय अनुस्पंदनावर आधारित प्रतिमा, ज्यांना व्यवहारात एमआरआय म्हणतात, त्यांत ग्रीवेतील अर्बुद सभोवतालच्या ऊतकांपासून स्पष्टपणे वेगळे दिसते. या प्रतिमा नळ्या बसविल्यानंतर घेऊन, बिंदू अ ऐवजी प्रत्यक्ष अर्बुदाच्या आकारमानाला मात्रा नेमून देण्याची पद्धत व्हिएन्ना येथील रिखार्ट प्यॉटर व इतर यूरोपीय तज्ञांनी पुढे आणली. तिच्याविषयीच्या शिफारशी २००५ व २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बाह्य प्रारणाने अर्बुद आक्रसते. उरलेल्या अर्बुदाचा आकार प्रत्येक सत्राच्या वेळी पाहून योजना बदलावयाची, हे या पद्धतीचे मर्म आहे. अर्बुद एका बाजूला अधिक पसरले असल्यास नेहमीच्या नळ्यांबरोबर थेट ऊतकात जाणाऱ्या सुयाही बसवितात.

या पद्धतीची कसोटी पाहण्यासाठी २००८ ते २०१५ या काळात यूरोप, आशिया व उत्तर अमेरिका येथील २४ केंद्रांत ‘एम्ब्रेस’ या नावाने अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. १,३४१ रुग्णांच्या विश्लेषणात पाच वर्षांनंतर स्थानिक रोगनियंत्रण ९२ टक्के आढळले. मूत्रमार्गाचे गंभीर उपद्रव ६·८ टक्के व आतड्यांचे ८·५ टक्के होते. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. योनिमार्ग आखडणे व त्यामुळे वैवाहिक जीवनावर होणारा परिणाम यांचीही पद्धतशीर नोंद अशा अभ्यासांत होऊ लागली. रोग बरा झालेली स्त्री पुढे कशी जगते, हा प्रश्न पूर्वी क्वचितच विचारला जाई.

परंतु प्रत्येक सत्रासाठी चुंबकीय प्रतिमा घेणे भारतातील बहुसंख्य रुग्णालयांना परवडणारे नाही. म्हणून मुंबईत उमेश महंतशेट्टी व सहकाऱ्यांनी श्राव्यातीत ध्वनीवर चालणाऱ्या साध्या साधनाची, म्हणजे सोनोग्राफीची, चुंबकीय प्रतिमांशी तुलना केली. पोटावरून घेतलेल्या सोनोग्राफीतही ग्रीवेची व अर्बुदाची मापे उपचाराची योजना आखण्याइतकी विश्वसनीय मिळू शकतात, असे त्यांनी २०१२ मध्ये दाखविले. सीटी स्कॅनच्या आधारे अर्बुदाची सीमा कशी आखावी, याविषयी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही त्यांचा प्रमुख सहभाग होता. महाग तंत्रातील मूळ तत्त्व तसेच राखून त्याला स्वस्त साधनांची जोड देणे, हे या संशोधनाचे वैशिष्ट्य होय.

अपुऱ्या उपचारांचे परिणाम : बाह्य प्रारणाची यंत्रे जसजशी अचूक झाली तसतसा, नळ्या बसविण्याचा त्रासदायक विधी टाळून सर्व मात्रा बाहेरूनच द्यावी, असा विचार बळावला. अमेरिकेतील नोंदींच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७,३५९ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. अंतर्गत चिकित्सा मिळालेल्या स्त्रियांचे प्रमाण १९८८ मधील ८३ टक्क्यांवरून २००९ मध्ये ५८ टक्क्यांवर आले होते. जिला ती मिळाली नाही, तिच्या जगण्याची शक्यता कमी असल्याचे त्यातून दिसून आले. संपन्न देशातही ही चिकित्सा वगळल्याची किंमत जिवाने द्यावी लागते, हा या अभ्यासाचा धडा आहे. याच्याच जोडीला काळाचा प्रश्न येतो. बाह्य व अंतर्गत उपचार मिळून सु. आठ आठवड्यांत संपले पाहिजेत. त्यापुढे लांबल्यास उरलेल्या कोशिका पुन्हा वाढू लागतात आणि दिलेल्या मात्रेचा प्रभाव घटतो.

नाशिक व महाराष्ट्रातील स्थिती : आठ आठवड्यांच्या या मर्यादेचा अर्थ शहरात राहणाऱ्या रुग्णाला व दुर्गम तालुक्यातील रुग्णाला सारखा नाही. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. ६१ लाख आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे त्याचे पश्चिमेकडील तालुके डोंगराळ व आदिवासीबहुल आहेत. येथील रुग्णांना पूर्वी किरणोपचारांसाठी नाशिकहून सु. १७० किमी. दूर असलेल्या मुंबईचा आधार होता. आता नाशिक शहरातील कर्करोग रुग्णालयांत हे उपचार मिळतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालयही या शहरात आहे. तरीही आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे बाह्य प्रारण व त्यानंतर अंतर्गत प्रारणाची तीन-चार सत्रे, एवढा काळ घर, शेती व मुले सोडून शहरात राहणे मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीला कठीण जाते. बाह्य प्रारणाने रक्तस्राव थांबतो, वेदना कमी होतात व आपण बरे झालो असे तिला वाटू लागते. नेमक्या याच टप्प्यावर ती गावी परतली, तर सर्वांत निर्णायक उपचार राहून जातो.

राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या योजनेमुळे कर्करोगाच्या उपचारांचा खर्च बराचसा हलका झाला आहे. प्रवास, राहण्याची सोय व बुडणारी मजुरी यांचा भार मात्र मोठ्या प्रमाणात कुटुंबावरच राहतो. अंतर्गत चिकित्सेची सत्रे कमी करून प्रत्येक सत्रातील मात्रा वाढविता येईल काय, या संशोधनाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. चारऐवजी दोन सत्रांत उपचार सुरक्षितपणे होऊ शकले, तर दूरच्या तालुक्यातील स्त्रीचे उपचार पुरे होण्याची शक्यता वाढते.

लवकर निदान व प्रतिबंध : रोग आधीच्या अवस्थेत सापडल्यास उपचार सोपे होतात. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली व ग्रामीण स्त्रियांत ग्रीवा कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असल्याचे तीतून स्पष्ट झाले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. मानवी पॅपिलोमा व्हायरसाच्या एकाच तपासणीनेही या रोगाने होणारे मृत्यू सु. निम्म्याने घटतात, असे २००९ मध्ये दिसून आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सु. दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसिटिक अम्ल लावून केलेल्या नुसत्या डोळ्यांच्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी न दिल्याबद्दल या अभ्यासांवर नैतिक आक्षेपही घेण्यात आले. व्हायरस व ग्रीवा कर्करोग यांचा संबंध दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही प्रतिबंधक लस २०२३ पासून उपलब्ध आहे.

संशोधनाची पुढील दिशा : अलीकडील दोन चाचण्यांनी औषधांची भर घालण्याचा मार्ग मोकळा केला. भारतासह पाच देशांतील ५०० रुग्णांच्या ‘इंटरलेस’ चाचणीत (२०२४) प्रारणापूर्वी सहा आठवडे दोन औषधे दिल्याने पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेले. दुसऱ्या एका चाचणीत प्रतिकारशक्तीस चालना देणाऱ्या पेंब्रोलिझुमॅब या औषधाची जोड दिल्याने तीन वर्षांचे प्रमाण ७४·८ वरून ८२·६ टक्के झाले. या दोन्ही चाचण्यांत अंतर्गत प्रारण चिकित्सा हा उपचाराचा पाया कायम होता. नवी औषधे तिच्यावर रचलेली भर आहेत, तिला पर्याय नव्हेत. पेंब्रोलिझुमॅबची किंमत पाहता, उपलब्ध निधी औषधावर खर्च करावा की प्रत्येक विभागात अंतर्गत चिकित्सेचे एकेक सुसज्ज केंद्र उभारण्यावर, हा भारतापुढील धोरणात्मक प्रश्न आहे.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सु. ६·६ लाख स्त्रियांना हा रोग होतो व सु. ३·५ लाख त्याने मरण पावतात. यांपैकी सु. १·२७ लाख नवे रुग्ण व सु. ८० हजार मृत्यू भारतातील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी व रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार, अशी उद्दिष्टे ठरविण्यात आली आहेत. लसीचा परिणाम मृत्यूंच्या आकड्यांत दिसण्यास काही दशके लागतील. आज तिशी-चाळिशीत असलेल्या ज्या स्त्रियांना लस मिळालेली नाही, त्यांच्यासाठी तपासणी व पूर्ण प्रारण चिकित्सा हेच मार्ग आहेत. १९०३ मध्ये रेडियमाच्या एका नळीने सुरू झालेले हे तंत्र आज मिलिमीटरच्या अचूकतेपर्यंत पोहोचले आहे. बाह्य उपचार संपविलेल्या प्रत्येक स्त्रीला अंतर्गत सत्रांसाठी वेळेवर परत आणणे, हे संशोधनाइतकेच महत्त्वाचे काम शिल्लक आहे.